वाशिमचा ताम्रपट आणि वा. वि. मिराशी

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, हे आज आपण सहज बोलून जातो. पण १९३९ पर्यंत वाकाटकांची इथे वेगळी शाखा होती, हे इतिहासकारांनाही ठाऊक नव्हते.

वासुदेव विष्णू मिराशी जन्माने कोकणातले, देवगड तालुक्यातल्या कुवळ्याचे. जन्म १८९३ चा. १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि विदर्भाचेच होऊन गेले. संस्कृतच्या प्राध्यापकाने काव्य-नाटक शिकवावे आणि घरी जावे, असा रिवाज. मिराशी मात्र ताम्रपट-शिलालेखांकडे वळले.

१९३९ मध्ये वाशिमला चार पत्र्यांचा ताम्रपट मिळाला. य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी तो प्रथम प्रकाशात आणला; पुढे मिराशींनी महाजनांसह त्याचे सविस्तर संपादन केले. दान देणारा राजा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा बाप सर्वसेन, आजोबा पहिला प्रवरसेन. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला झिजलेला लेख एकोणिसाव्या शतकातच वाचला गेला होता. ब्यूलरसारख्या जाणकाराने त्यात प्रवरसेनाच्या मुलाचे नाव रुद्रसेन असे वाचले, आणि पन्नासहून अधिक वर्षे तेच एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेले. मिराशींनी ताम्रपटाच्या आधारे मूळ लेख पुन्हा तपासला. तिथे सर्वसेनच होता! १९४१ मध्ये त्यांनी हा नवा पाठ प्रसिद्ध केला. ज्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने हे लेणे भिक्खुसंघाला दान दिले, तो राजा वाशिमच्या शाखेचा ठरला.

मिराशी आपल्या चळवळीतले नव्हते, पंडिती परंपरेतले होते. वाशिमचा ताम्रपटही ब्राह्मणांना गाव दिल्याचा. म्हणून तो आपला नाही असे म्हणून बाजूला सारला, तर अजिंठ्याचा दाता कोणत्या राजाचा सचिव होता, हे आपल्याला पुराव्यानिशी सांगता येणार नाही. भाषणात टाळ्या मिळतील, पण समोरच्याने आधार मागितला की गप्प बसावे लागेल.

आज आपली मुले पदवीचा इतिहास गाईडवर पास होतात. मूळ लेखाचा ठसा एकदाही पाहत नाहीत. मिराशींचा वाकाटक लेखांचा मोठा खंड १९६३ चा. मूळ पाठ, भाषांतर, ठशांची छायाचित्रे, सगळे त्यात आहे. शिक्षकाने अजिंठ्याचा ठसा वर्गात ठेवावा, निम्म्या मुलांना ब्यूलरचा पाठ द्यावा, निम्म्यांना मिराशींचा, आणि ते एक नाव शोधायला लावावे. एवढा एक तास पुरे. धम्मलिपीचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनीही हे करून पाहावे. अक्षरे अशोकाच्या काळापेक्षा बरीच बदललेली आहेत, तेव्हा घाम फुटेल.

मिराशी १९८५ मध्ये वारले. इंग्रजीची अडचण असलेल्यांसाठी त्यांचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे मराठी पुस्तक आहे, १९५७ चे. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते आहे का, या आठवड्यात विचारून या. नसेल तर मागणीचा अर्ज देऊनच परत या.