गणिताचे प्राध्यापक

माझ्या पणजीची अकरा बाळंतपणे झाली. मुले जगली चार. त्यांतली एक माझी आजी. हा हिशेब आजी इतक्या सहज सांगते, की मला त्यात कधी वावगे वाटले नव्हते. र. धों. कर्व्यांविषयी वाचले आणि तो टोचू लागला.

रघुनाथराव हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ चा. १८९१ मध्ये त्यांची आई राधाबाई बाळंतपणातच गेली. मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. संततिनियमनाचा उघड पुरस्कार केला आणि ती नोकरी सोडावी लागली. (आमच्या प्राध्यापकवर्गाने हे वाक्य पुन्हा वाचावे!) १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मूल हवे तेव्हाच व्हावे, दोन बाळंतपणांमध्ये आईला उसंत मिळावी, म्हणजे झालेले मूलही धड वाढेल, असे ते सांगत. त्यांची इतर काही मते मला पटत नाहीत. हे मात्र पटते.

१९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरलेच. मासिक मात्र १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिले.

त्या काळात पणजी गिरगावातच राहत होती. कर्व्यांचे नाव तिच्या कानावर कधी गेले नव्हते, असे आजी म्हणते.