कनोसाच्या दारात उभा राहिलेला राजा

जानेवारी १०७७. उत्तर इटलीतील कनोसा किल्ल्याबाहेर जर्मनीचा राजा चौथा हेन्री अनवाणी, लोकरीचे जाडेभरडे वस्त्र लेवून उभा होता. आत होता पोप सातवा ग्रेगरी. राजसत्तेची मानहानी म्हणून हा प्रसंग शतकानुशतके सांगितला गेला. प्रत्यक्षात ती हेन्रीच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत चतुर खेळी होती.

११ नोव्हेंबर १०५० रोजी जन्मलेल्या हेन्रीने सहावे वर्ष पूर्ण होण्याआधीच पित्याचे, सम्राट तिसऱ्या हेन्रीचे, छत्र गमावले. आई आग्नेस कारभार पाहू लागली. १०६२ मध्ये कोलोनचा आर्चबिशप आन्नो याने ऱ्हाइन नदीवर सजवलेली नौका दाखवण्याच्या मिषाने या बालराजाला पळवून नेले. भेदरलेल्या मुलाने नदीत उडी घेतली. पण त्याला बाहेर काढून पुन्हा नौकेत बसवण्यात आले. धर्मपीठाची अशी ओळख त्याला अकराव्या वर्षीच झाली.

त्या काळचे बिशप केवळ धर्माधिकारी नव्हते. विस्तीर्ण जमिनी, महसूल आणि सैनिक त्यांच्या हाती असत. त्यामुळे अंगठी आणि धर्मदंड देऊन बिशप नेमणारा राजा आपल्याच मर्जीतला माणूस निवडे. १०७३ मध्ये पोप झालेल्या ग्रेगरीला हे अमान्य होते. मिलानच्या आर्चबिशपच्या नेमणुकीवरून ठिणगी पडली. जानेवारी १०७६ मध्ये हेन्रीने वर्म्स येथे बिशपांची सभा भरवून ग्रेगरीला पद सोडण्यास फर्मावले. पुढच्याच महिन्यात पोपने त्याला धर्मबहिष्कृत केले आणि प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. असंतुष्ट जर्मन सरदारांना हेच हवे होते. वर्षभरात बहिष्कार न उठल्यास राजा मानणार नाही, असे त्यांनी बजावले आणि न्यायनिवाड्यासाठी पोपला जर्मनीत बोलावले.

पोप तेथे पोहोचण्याआधी त्याला गाठणे, हाच मार्ग उरला होता. ऐन हिवाळ्यात पत्नी बेर्टा व लहानग्या मुलासह हेन्रीने आल्प्स ओलांडला. किल्ला टस्कनीच्या मटिल्डाचा. ती आणि हेन्रीचा धर्मपिता, क्लूनीचा मठाधिपती ह्यू, यांनी मध्यस्थी केली. ग्रेगरी मुत्सद्दी असला तरी धर्मगुरू होता. दाराशी आलेल्या पश्चात्तापदग्धाला तो किती काळ नाकारणार? तीन दिवसांनी बहिष्कार उठला.

सरदारांनी तरीही मार्चमध्ये रुडॉल्फला राजा निवडलेच. १०८० मध्ये तो लढाईत मरण पावला. त्याच वर्षी पुन्हा बहिष्कृत झालेल्या हेन्रीने स्वतःचा पोप उभा केला आणि १०८४ मध्ये रोम जिंकून त्याच्याच हस्ते सम्राटपदाचा मुकुट घेतला. ग्रेगरीच्या सुटकेला आलेल्या नॉर्मन सैन्याने रोमच लुटले. ग्रेगरीला शहर सोडावे लागले. १०८५ मध्ये सालेर्नो येथे तो निवर्तला.

हेन्रीचा खरा पराभव मात्र घरात झाला. थोरला मुलगा कोन्राड १०९३ मध्ये उलटला. धाकट्या पाचव्या हेन्रीने चर्चचा कैवार घेत ११०४ मध्ये बंड केले, पित्याला कैद केले आणि १९०५ नव्हे, ११०५ च्या अखेरच्या दिवशी त्याच्याकडून सत्तात्याग करवला. बंदिवासातून निसटलेला सम्राट ७ ऑगस्ट ११०६ रोजी लिएज येथे मरण पावला. बहिष्कृत असल्याने त्याचे शव स्पायर येथील अपवित्रित चॅपेलमध्ये पाच वर्षे पडून राहिले. १११١ मध्ये त्याला कॅथीड्रलात विसावा मिळाला. त्याच वर्षी या धर्मनिष्ठ मुलाने पोप दुसऱ्या पास्कलला कैदेत टाकले होते.