पंडिता रमाबाई आणि शास्त्रातील कठीण प्रश्न

पंडिता रमाबाई यांचा जन्म सन १८५८ त झाला. सिलचर येथे असता त्यांस घरच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. वाचनासरशी मनात अनेक शंका उठल्या. परंतु बाईंनी त्या कोंडून ठेविल्या नाहीत.

सन १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या. लंडनातील फुलम येथे पतित गणलेल्या स्त्रियांची सेवा भगिनी प्रेमाने करीत, हे पाहून त्यांस नवल वाटले. त्यांनी एका भगिनीस कारण विचारिले. तिने योहानाच्या चवथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची हकीकत त्यांस दाखविली. वचनात जे वाचिले, तेच त्यांस समोर कृतीत दिसले. बुद्धीस पडलेल्या इतर कोड्यांचे पुष्कळ समाधान रेव्हरंड नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखांनी झाले. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी पाहिले की, अल्पशिक्षित स्त्रियांस शास्त्रातील शब्दच अडतात. यास्तव बाईंनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या; तो ग्रंथ मुक्ति छापखान्यातून सन १९२४ त प्रसिद्ध झाला.

बंधुभगिनींनो, वचन वाचिताना शंका आली तर लाजू नका. प्रार्थना करा, जाणत्या उपदेशकास विचारा. आणि उपदेशकहो, प्रश्न विचारणाऱ्यास अविश्वासी समजून दटावू नका. उत्तर लाभले म्हणजे ते ज्यास वाचता येत नाही, त्यासही सोप्या शब्दांत सांगा.