शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

अकोले तालुक्यातील एका ठाकरवाडीत अंगणवाडीच्या दाराशी मी घटकाभर उभा राहिलो. मुले चिंचोके मोजत होती. त्याच वाडीची दोन पोरे पुढे मला नगर शहराच्या कडेला दिसली. आईबाप बांधकामावर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाशी. त्यांची नावे गावच्या पटावर, आणि ती इथे. त्या वेळी मला ताराबाई मोडक आठवल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरातला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या, तेथे स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ही मानाची नोकरी सोडून त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम पत्करले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले. माँटेसरी पद्धतीचे हे शिक्षण मुख्यतः शहरी, सुस्थित घरांपुरतेच राहते, हा सल मात्र त्यांच्या मनात होता.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची वारली मुले येईनात. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, कडेवर भावंड. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका पाड्यावर जाऊन मुलांना अंघोळ घालू लागल्या, नखे कापू लागल्या, केस विंचरू लागल्या. मग गाणी, गोष्टी. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. त्यामुळे कडेवरचे भावंडही शाळेत आले आणि मोठ्या बहिणीचे हात मोकळे झाले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

शब्द गेला, पण त्यामागचा प्रश्न सोबत गेला का, अशी शंका मला येते. अंगणवाडीला आता भिंती आहेत, वेळ आहे, पट आहे. डोंगरातला आदिवासी पोटासाठी शहरात उतरतो, तेव्हा त्याच्या मुलाचे अंगण म्हणजे तो वाळूचा ढीग असतो. नगरचे आता अहिल्यानगर झाले. पण त्या ढिगाशी रोज दोन तास जाऊन बसणारी एखादी ताई, एक बादली पाणी आणि मूठभर चिंचोके, एवढ्यानेही ताराबाईंचे काम इथे सुरू होऊ शकते. त्यांनीही याहून फारसे काही हाती घेऊन सुरुवात केली नव्हती.