बॉस्टनचा कंपोझिटर आणि त्याचे हृदय

१९ एप्रिल १९११. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅशलंड या छोट्या गावात बॉस्टन मॅरेथॉनचे स्पर्धक जमले होते. शर्यतीपूर्वी डॉक्टर प्रत्येकाची छाती तपासत. क्लॅरन्स डीमार या २२ वर्षांच्या तरुणाच्या हृदयाच्या ठोक्यांसोबत त्यांना एक वेगळाच आवाज ऐकू आला. थकवा जाणवताच थांबावे आणि ही शर्यत अखेरची समजावी, असा सल्ला त्याला मिळाला. डीमार थांबला नाही. दोन तास २१ मिनिटे ३९ सेकंदांत नवा विक्रम नोंदवून तो पहिला आला. सल्ल्याचा दुसरा भाग मात्र त्याच्या मनात घर करून राहिला.

डीमारचा जन्म १८८८ साली ओहायो राज्यात झाला. वडील लवकर गेले. घरच्या ओढगस्तीमुळे बॉस्टनच्या खाडीतील एका बेटावरच्या वसतिशाळेत त्याची रवानगी झाली. पुढे व्हरमाँट विद्यापीठात शिकत असताना तो धावू लागला. पण आईला हातभार लावण्यासाठी शिक्षण अर्धवट सोडून त्याने छापखान्याची वाट धरली. दिवसभर उभे राहून शिशाचे खिळे जुळवायचे आणि घर ते छापखाना हे अंतर पळत कापायचे, हाच त्याचा सराव. वेगळा प्रशिक्षक नाही की मैदान नाही. १९१० साली तो बॉस्टनमध्ये प्रथमच धावला आणि दुसरा आला.

बॉस्टनचा रस्ता फसवा आहे. आरंभी तो उताराचा असल्याने नवखा धावपटू खुशीत वेग वाढवतो आणि मांड्यांची शक्ती तिथेच खर्ची घालतो. उत्तरार्धात न्यूटनच्या टेकड्या एकामागून एक समोर उभ्या राहतात. शर्यत पश्चिमेकडून पूर्वेला जाते; त्यामुळे अटलांटिकवरून वारा सुटला की तो थेट तोंडावर येतो. एप्रिलमध्येही त्या भागातून हिवाळा पुरता सरलेला नसतो. १९२५ सालच्या शर्यतीत असेच बोचरे वारे होते. त्या वर्षीचा विजेता चक मेलर याने थंडी अडवण्यासाठी बनियनच्या आत चक्क वर्तमानपत्र कोंबले होते. दुसरा आला तो डीमार. वर्तमानपत्राचा हा उपयोग एका कंपोझिटरला सुचू नये, हा योगायोग गमतीचाच म्हणावा लागेल.

१९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याला बाराव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर तो स्पर्धांपासून जवळजवळ दूरच झाला. मॅरेथॉनने हृदय झिजते आणि आयुष्य घटते, असे तेव्हा अनेकांना वाटत असे. डॉक्टरांच्या इशाऱ्याला डीमारच्या धार्मिक वृत्तीचीही जोड मिळाली. रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या या माणसाला चढाओढीने जिंकण्यात अहंकाराचा वास येत असे. या काळात त्याने हार्वर्ड आणि बॉस्टन विद्यापीठांत शिक्षण पूर्ण केले. १९१७ साली तो बॉस्टनला एकदा उतरला आणि तिसरा आला. पण त्याचे खरे पुनरागमन झाले १९२२ मध्ये. धावपटूचा ऐन भराचा काळ मानला जातो, ती वर्षे एका स्टेथोस्कोपच्या धाकात निघून गेली होती.

३३ वर्षांच्या डीमारने १९२२ ची शर्यत जिंकली, तीही नव्या विक्रमासह. मग १९२३ आणि १९२४ चे विजेतेपदही त्याच्याकडेच गेले. १९२४ मध्येच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. १९२६ साली जॉनी माइल्स या कॅनडाच्या तरुणाने त्याला मागे टाकले, तेव्हा त्याचे दिवस संपले असे अनेकांना वाटले असेल. डीमारने १९२७ आणि १९२८ ही दोन्ही वर्षे जिंकून त्याला उत्तर दिले. १९२७ चा दिवस इतका तापला होता की रस्त्यावरचे डांबर वितळून बुटांना चिकटत होते. सातवा विजय १९३० मधला. त्या वेळी त्याचे वय ४१ होते. पायी धावणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ही शर्यत सात वेळा जिंकता आलेली नाही.

लोकांना तो प्रिय होता. पण तो गोड स्वभावाचा मुळीच नव्हता. धावताना प्रेक्षक अंगाशी आले, मोटारी किंवा सायकली वाटेत आल्या की तो चिडे आणि प्रसंगी हातही उगारी. बक्षिसाची रोख रक्कम त्या हौशी खेळात नव्हतीच. पोट छापखान्यावरच चाले. पुढे न्यू हॅम्पशायरमधील कीन येथे त्याने अध्यापन केले. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी त्याला प्रयोगशाळेतील फिरत्या पट्ट्यावर पळवले, तेव्हा इतरांना धाप लागेल अशा वेगातही त्याच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल फारसे वाढत नसल्याचे आढळले. बॉस्टनच्या रस्त्यावर तो अखेरचा धावला १९५४ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी.

११ जून १९५८ रोजी त्याचे कर्करोगाने निधन झाले. त्याच्या शवविच्छेदनातील निष्कर्ष १९६१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांपैकी एक होते पॉल डडली व्हाइट, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे हृदयरोगतज्ज्ञ. डीमारच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सर्वसामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. वयोमानाने त्यांच्या भिंतींवर थर साचला होता. पण वाट इतकी प्रशस्त की रक्तप्रवाहाला त्याची अडचण होत नव्हती. रुंदी जन्मजात होती की अर्धशतकाच्या धावण्याने आलेली, हे एका माणसाच्या तपासणीवरून ठरवणे अर्थातच शक्य नव्हते. १९११ साली अ‍ॅशलंडला ज्याच्यावर शंका घेतली गेली, ते हेच हृदय होते.