भारतीय हवाई दलाचे शिल्पकार : एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण हवाई दलाची सूत्रे भारतीय अधिकाऱ्याच्या हाती आली ती १ एप्रिल १९५४ रोजी. मधल्या साडेसहा वर्षांहून अधिक काळात एलमहर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज हे तीन ब्रिटिश अधिकारी एकामागून एक हवाई दलाचे प्रमुख होते. भूदलाला भारतीय सरसेनापती जानेवारी १९४९ मध्ये लाभले. नौदलाला त्यासाठी एप्रिल १९५८ ची वाट पाहावी लागली. राज्यसत्तेचे हस्तांतर एका मध्यरात्री होऊ शकते. संरक्षणसामर्थ्याचे हस्तांतर व्हायला मात्र एक पिढी लागते. ही पिढी ज्यांच्या आयुष्यात सामावली आहे, त्या एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे हे अल्पचरित्र.

सुब्रतो यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकाता येथे झाला. वडील सतीशचंद्र मुखर्जी सनदी सेवेत अधिकारी होते. आई चारुलता या प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य डॉ. पी. के. रे यांच्या कन्या. घराण्यावर ब्राह्मो समाजाच्या सुधारकी विचारांचा ठसा होता. चार भावंडांत सुब्रतो सर्वांत धाकटे. त्यांच्या थोरल्या भगिनी रेणुका रे पुढे स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या आणि लोकसभेच्या सदस्य म्हणून प्रसिद्धीस आल्या. एकाच घरातील बहिणीने परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यात उतरावे आणि भावाने त्याच सत्तेच्या सैन्यात जावे, हे त्या काळात वरवर विसंगत दिसले असेल. परंतु स्वतंत्र राष्ट्राला राज्यकर्ते जसे लागणार होते, तसेच रक्षणकर्तेही लागणार होते; आणि रक्षणाची विद्या त्या वेळी परकीयांच्याच हाती होती.

भारतीयांना सैन्यात अधिकारपदे द्यावीत, ही मागणी राष्ट्रीय नेते वर्षानुवर्षे करीत होते. तिच्या दडपणाखाली नेमलेल्या स्कीन समितीने भारतीय तरुणांना हवाई दलाचे दार उघडावे, अशी शिफारस केली. विमानासारखे यंत्र भारतीय माणूस सांभाळू शकेल काय, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जात असे. तिला कृतीने उत्तर देण्याची जबाबदारी १९३० मध्ये इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात दाखल झालेल्या मोजक्या भारतीय तरुणांवर येऊन पडली. एकोणीस वर्षांचे सुब्रतो त्यांपैकी एक होते.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिचे बळ किती? क्रॅनवेलहून शिकून आलेले मूठभर अधिकारी, एकोणीस 'हवाई सिपाही' आणि चार वापिती विमाने. दोन पंखांच्या जोड्यांची, उघड्या बैठकीची ही विमाने तेव्हाच जुनाट होऊ लागली होती. त्या पहिल्या पाच वैमानिकांपैकी दोघे त्याच वर्षी विमान कोसळून मरण पावले आणि आणखी एक जण काही वर्षांतच सेवेबाहेर गेला. अशी गळती लागली असता शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद करायची, तर उरलेल्यांना एकही चूक परवडणारी नव्हती.

मुखर्जींची खरी कसोटी लागली ती वायव्य सरहद्दीवर. वझिरीस्तानच्या डोंगराळ मुलखात मिरानशाहच्या तळावरून ही स्क्वाड्रन भूदलाच्या मदतीला उड्डाणे करीत असे. १६ मार्च १९३९ रोजी ते या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय अधिकारी होत. १९४० मधला तेथील एक प्रसंग हवाई दलात आजही सांगितला जातो. भूदलाच्या एका चौकीला टोळीवाल्यांनी वेढले होते. चौकीतील जवानांशी बिनतारी संपर्क नव्हता; पण वरून घिरट्या घालताना मुखर्जींनी ताडले की त्यांचा दारूगोळा संपत आला आहे. त्यांनी आपल्याच विमानाच्या बंदुकीतील काडतुसे काढावयास लावली. मागे बसलेल्या हवाई सिपायाने ती पायमोज्यांत भरली आणि अगदी खालून विमान नेऊन ती चौकीत टाकण्यात आली. स्वतःचे विमान निःशस्त्र करून जमिनीवरच्या सैनिकांना सशस्त्र करण्याचा हा निर्णय होता. पुढे ऑगस्ट १९४३ मध्ये ते कोहाट येथील हवाई तळाचे प्रमुख झाले. हा मान मिळवणारेही ते पहिलेच भारतीय.

१९३९ मध्येच त्यांचा विवाह शारदा पंडित यांच्याशी झाला. राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी पंडित घराण्यातील या सुकन्येमुळे मुखर्जी मराठी माणसांचे जावई झाले. शारदाबाई पुढे १९६२ आणि १९६७ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या. नंतर त्या आंध्र प्रदेश व गुजरात या राज्यांच्या राज्यपालही झाल्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना हा धागा जवळचा वाटावा.

महायुद्धाच्या काळात एका स्क्वाड्रनचे हवाई दल अनेक स्क्वाड्रनचे झाले. त्यानंतर स्वातंत्र्य आले आणि त्याबरोबर फाळणीही. जमिनीची वाटणी नकाशावर रेघ ओढून होते. हवाई दलाची वाटणी विमाने, सुटे भाग, कार्यशाळा आणि माणसे मोजून करावी लागते. मुखर्जी तेव्हा हवाई दलातील सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकारी होते. ज्या संस्थेच्या जन्मापासून ते तिच्यात होते, तिचे दोन तुकडे होताना त्यांना पाहावे लागले. ड्रिग रोड, पेशावर, कोहाट, मिरानशाह, रिसालपूर हे वायव्येकडील जुने तळ पाकिस्तानात गेले. ज्या पहिल्या स्क्वाड्रनचे त्यांनी नेतृत्व केले होते, तिची सामग्रीही तिकडेच राहिली. तो क्रमांक भारतात पुन्हा जिवंत झाला तो १९५३ मध्ये, पंधराव्या स्क्वाड्रनला देण्यात आला तेव्हा. पहिल्या पाच वैमानिकांपैकी उरलेले दुसरे, अवान, पाकिस्तानच्या सेवेत गेले. मुखर्जींनी जिथे नाव मिळवले ती ठिकाणे अशी अवघ्या काही दिवसांत परदेशात जमा झाली.

उसंत अशी मिळालीच नाही. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावरून, म्हणजे आजच्या सफदरजंगवरून, डाकोटा विमाने शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरकडे निघाली. हवाई दलाची विमाने अपुरी पडत होती म्हणून खाजगी कंपन्यांची विमानेही मदतीला घेण्यात आली. काश्मीर वाचले ते या उड्डाणांमुळे. पुढच्या वर्षी मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवून लडाखकडे मदतीची वाट उघडली. नवस्वतंत्र देशाचे हवाई दल काय करू शकते, हे या काही महिन्यांत जगाला दिसले.

परंतु याच युद्धाने एक अवघड वास्तवही उघडे केले. भारताच्या हवाई दलाचे प्रमुख एलमहर्स्ट हे ब्रिटिश होते आणि पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख पेरी-कीन हेही ब्रिटिशच. दोन स्वतंत्र देश परस्परांशी लढत असताना दोन्ही दलांच्या शिखरावर एकाच तिसऱ्या राष्ट्राचे अधिकारी होते. या परिस्थितीत राष्ट्राभिमानी मनाला घाई होणे स्वाभाविक होते. मुखर्जी मात्र हवाई मुख्यालयात उपप्रमुख म्हणून शांतपणे काम करीत राहिले. १९४७ मध्ये त्यांची स्वतःची अधिकारी म्हणून सेवा जेमतेम पंधरा वर्षांची होती. त्यांच्यानंतरच्या फळीचा अनुभव तर त्याहूनही कमी. वैमानिक दोन वर्षांत तयार करता येतो. शेकडो विमाने, कारखाने, प्रशिक्षणशाळा आणि युद्धयोजना यांचा एकत्रित विचार करणारा अधिकारी दोन वर्षांत घडत नाही. एलमहर्स्ट यांनीही हवाई दल भूदलाच्या अधीन न राहता स्वतंत्र दल म्हणून उभे राहावे, असा आग्रह धरला, आणि त्याचा देशाला लाभ झाला. परक्याकडून शिकत राहण्यात मुखर्जींना कमीपणा वाटला नाही; शिकून झाल्यावर परक्याची गरज उरू नये, एवढी दक्षता त्यांनी घेतली. प्रमुखपदाची तयारी म्हणून १९५३ मध्ये ते लंडनच्या इंपीरियल डिफेन्स कॉलेजात अभ्यासक्रमासाठी गेले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ज्येष्ठ पदावर असताना, ते पुन्हा विद्यार्थी झाले.

विमानांच्या बाबतीतही देशाला असेच टप्प्याटप्प्याने उभे राहावे लागले. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० मध्ये बंगलोर येथे विमानांचा कारखाना सुरू केला होता. युद्धकाळात तो सरकारच्या ताब्यात गेला. स्वातंत्र्यानंतर त्याचे मोल कळले. महायुद्ध संपल्यावर मोडतोड करून कानपूरला टाकून दिलेली अमेरिकन लिबरेटर बॉम्बफेकी विमाने या कारखान्याने दुरुस्त केली. अशा चाळीसहून अधिक विमानांनी पुन्हा आकाश पाहिले आणि भारताला स्वतःचे बॉम्बफेकी दल मिळाले. भंगारातून उभे राहिलेले ते सामर्थ्य होते. जानेवारी १९५० मध्ये देश प्रजासत्ताक झाला आणि हवाई दलाच्या नावामागचे 'रॉयल' हे बिरुद गळून पडले.

१ एप्रिल १९५४ रोजी मुखर्जींनी हवाई दलाची सूत्रे स्वीकारली. ड्रिग रोडवर चार वापिती विमाने उभी राहिली त्याला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांच्या साडेसहा वर्षांच्या कारकिर्दीत हवाई दलाचे रूप पालटले. फ्रान्सकडून मिस्टेअर, ब्रिटनकडून हंटर आणि कॅनबेरा ही जेट विमाने आली. मालवाहतुकीसाठी अमेरिकन पॅकेट आणि सोव्हिएत इल्युशिन विमाने दाखल झाली. एकाच देशावर विसंबून राहिले, तर संकटकाळी तो देश सुटे भाग अडवून आपले हात बांधू शकतो. अनेक देशांकडून विमाने घेतल्याने देखभालीचा व्याप वाढला, पण हे बंधन सैल झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वदेशी निर्मितीची पावले याच काळात पडली. छोटेखानी नॅट विमान बंगलोरला बांधण्याचा करार १९५६ मध्ये झाला. त्याच वर्षी जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' या लढाऊ विमानाच्या आराखड्याचे काम भारतात सुरू झाले.

या धामधुमीतही त्यांचे मन मुलांकडे आणि खेळाकडे लागलेले असे. फुटबॉल हा त्यांचा जिवाभावाचा खेळ. शाळकरी मुलांसाठी देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा असावी, ही कल्पना त्यांची. १९६० मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आज सुब्रतो चषक म्हणून ओळखली जाते. दरवर्षी देशाच्या कानाकोपऱ्यांतील शाळांचे संघ त्यासाठी दिल्लीच्या मैदानांवर उतरतात.

 नोव्हेंबर १९६० मध्ये एअर इंडियाच्या विमानाने मुखर्जी जपानला गेले. ८ नोव्हेंबरच्या रात्री टोकियोतील एका उपाहारगृहात एका मित्रासमवेत भोजन करीत असताना घास श्वासनलिकेत अडकला आणि क्षणार्धात सारे संपले. सरहद्दीवरच्या गोळ्यांतून आणि जुनाट विमानांतून सुखरूप परतलेल्या या वैमानिकाला असे मरण यावे, हा दैवदुर्विलास होय. त्यांचे वय अवघे ४९ वर्षांचे होते.

सेवेत असलेला प्रमुख असा अकस्मात गेल्यावर पोकळी निर्माण व्हायला हवी होती. सात वर्षांपूर्वी तशी वेळ आली असती, तर नजरा लंडनकडे वळल्या असत्या. १९६० मध्ये तसा प्रश्नही कोणाच्या मनात आला नाही. १ डिसेंबर रोजी अॅस्पी इंजिनियर यांनी प्रमुखपद स्वीकारले. तेही क्रॅनवेललाच शिकलेले आणि भारतीय हवाई दलातच वाढलेले. काम कोठेही थांबले नाही. १७ जून १९६१ रोजी मरुतने पहिले उड्डाण केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, गोवा मुक्त करण्याच्या कारवाईत, मुखर्जींच्या काळात आलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली. १९६५ च्या युद्धात छोट्या नॅट विमानांनी नाव कमावले. यांतले काहीही पाहायला ते नव्हते.

पद मिळवणे हे कर्तृत्वाचे एक माप आहे. आपण अचानक दूर झालो तरी संस्था क्षणभरही अडू नये अशी माणसे मागे ठेवणे, हे त्याहून मोठे माप. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेची धुराही अशीच एका पिढीकडून दुसरीकडे येत राहिली आहे. शाळेच्या मैदानावर जेव्हा जेव्हा फुटबॉलचा चेंडू उडेल, तेव्हा हवाई दलाचे ते पहिले भारतीय प्रमुख आपल्या विद्यार्थ्यांना आठवावेत.