वज्रनिश्चयी कस्तुरबा

पूज्य कस्तुरबा गांधी (१८६९–१९४४) यांची प्रकृती दक्षिण आफ्रिकेत वारंवारच्या रक्तस्रावाने क्षीण झाली होती. डर्बन येथे शस्त्रक्रियेच्या वेळी अशक्तपणामुळे भूल देता आली नाही; तरी ती वेदना त्यांनी शांतपणे सोसली. पुढे शक्तीसाठी गोमांसाचा रस घ्यावा, असा डॉक्टरांचा आग्रह झाला. गांधीजींनी निर्णय त्यांच्यावर सोपविला. त्यांनी ठाम नकार दिला आणि अस्थिपंजर देहाने, पावसाळी हवेत फिनिक्स वसाहत गाठली. वाटेत उलट पतीलाच धीर दिला. १९१३ साली सत्याग्रहात त्यांनी कारावासही पत्करला. पत्नीच्या या धैर्याची नोंद गांधीजींनी आत्मचरित्रात आदरपूर्वक केली आहे. रुग्णाची शुश्रूषा करताना त्याच्या निश्चयाचाही मान राखावा, हाच यातील बोध होय.